म्हापशाकडचं कॉम्प्युटर ट्रेनिंग: सरांना पाच स्टार, सर्टिफिकेटला एक

सुरुवातीलाच सांगतो, रिव्ह्यू लांबणार आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही असणार, कारण मी टाइप केलेलं आता डोळ्यांनी वाचत नाही, कानांनी ऐकतो, आणि मशीन "किती" नि "कीती" एकाच सुरात वाचून मोकळं होतं. संस्थेचं नाव टाकत नाही. ओळखीची चार पोरं अजून तिथे शिकतायत, माझ्या लिहिण्याचा त्यांना ताप नको. म्हापशाच्या बाजूला आहे, चार महिन्यांचा कोर्स, बेसिक कॉम्प्युटर आणि ऑफिसकाम, दिव्यांगांना फुकट. कुणाला खरंच जायचं असेल तर मेसेज करा, सांगतो.

मार्क पाचपैकी साडेतीन. ते कसे आले ते आता सविस्तर.

मी डिचोली तालुक्यातला. खाण चालू होती तेव्हा वेब्रिजवर होतो, म्हणजे आमच्याकडच्या बोलण्यात काट्यावर, ट्रक चढला की वजन बघायचं, ट्रिपशीट भरायची, सही, शिक्का, चल पुढचा. २०१२ ला खाणी एकदा बंद पडल्या, मग परत सुरू झाल्या, आणि मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ऑर्डरने परत बंद, तेव्हा घरी बसलो तो बसलोच. त्याच सुमाराला रात्री स्कूटर चालवताना समोरून लाईट आला की सगळं पांढरं व्हायला लागलं. दोनदा गटारात गेलो. आईला वाटलं पोरगा काम गेलं म्हणून प्यायला लागला. शेवटी बांबोळीला मेडिकल कॉलेजात तपासलं तर रेटिनायटिस पिगमेंटोसा निघालं. यात आधी रात्रीचं जातं, मग बाजूबाजूचं, आणि समोरचं तेवढं नळीतून बघितल्यासारखं उरतं. तुमच्या प्रकाराला औषध नाही म्हणाले. दाखला मिळाला, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आलं, गोवा सरकारच्या दयानंद योजनेचा, म्हणजे महिन्याच्या मदतीचा फॉर्म भरला आणि पुढची काही वर्षं मी व्हरांड्यात बसून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकला, दुसरं काही केलं नाही हे खरंच सांगतो.

जानेवारी २०२४ ला पणजीत पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव होता, ८ ते १३ तारखेला, तिथे बहिणीने जवळजवळ ओढत नेलं. मला वाटलेलं भाषणं असतील, हार असतील, आम्हाला पुढे बसवून फोटो काढतील. तर तिथे एक पूर्ण आंधळा माणूस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता, स्क्रीन चक्क बंद, आणि कानात हेडफोन घालून धडाधड मेल लिहीत होता. मी विचारलं हे काय चाललंय, तर त्याने एक हेडफोन माझ्या कानात घातला. काय सांगू, आत कोण बोलत होतं की पत्र्यावर पाऊस पडत होता तेच कळेना. म्हणाला सवय होते, तीन महिन्यांत तुम्हीपण याच स्पीडला ऐकाल. ते आमचे सर. पुढे त्यांच्याच क्लासला गेलो.

पहिल्या दिवशी सरांनी काय केलं असेल तर सगळ्यांचे माऊस गोळा केले आणि पिशवीत भरून कपाटात ठेवले. म्हणाले हे आता चार महिन्यांनी. मग मॉनिटर बंद करायला लावले. आमच्या बॅचला पूर्ण न दिसणारे सहा आणि माझ्यासारखे थोडं थोडं दिसणारे पाच, आणि खरा त्रास आम्हा पाच जणांचाच, कारण आम्ही नाक स्क्रीनला लावून बघायचं सोडत नाही. मी गुपचूप मॉनिटरचं बटण दाबलं आणि पुढे वाकलो, तर सर त्या टोकाहून म्हणतात, "डिचोलीकर, मान मागे घ्या, खुर्ची करकरली." त्यांना दिसत नाही आणि तरी पकडला गेलो. सगळे हसले. त्यानंतर मी मॉनिटर लावला नाही.

सॉफ्टवेअर एनव्हीडीए नावाचं, ते स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवतं. फुकट आहे. दोन आंधळ्या ऑस्ट्रेलियन पोरांनी २००६ ला सुरू केलं, कारण जॉज नावाचं असंच विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं तर आपल्यासारख्याचे काही महिन्यांचे पगार जातात. इन्सर्ट आणि एफ१२ दाबलं की वेळ सांगतं, इंटरनेटच्या पानावर एच दाबत गेलं की एका हेडिंगवरून दुसऱ्या हेडिंगवर उडी. एक्सेलमध्ये बाण दाबला की आकडा सांगतं आणि लगेच बी चार, बी पाच असा पत्तापण सांगतं, म्हणजे डोक्यात तक्ता मांडून ठेवायचा. मला हे पटकन जमलं, काट्यावर ट्रकांचे आकडे डोक्यात ठेवायची सवय होतीच. मराठी वाचताना आवाज जरा यंत्रातल्या भुतासारखा येतो पण कळतं.

एक गंमत. आमच्या भजनी मंडळाचे जुने हिशोब कॉम्प्युटरवर आहेत म्हणून मोठ्या तोऱ्यात पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो, वाचून दाखवतो म्हणून. मशीन बोबड्या बाळासारखं एबीसीडी बडबडायला लागलं. सर म्हणाले हे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, मशीनला बिचाऱ्याला कुठलं कळणार. युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं, "हार्मोनियम दुरुस्ती". तेव्हापासून जिथे कोण जुन्या फॉन्टमध्ये किंवा फोटो काढून नोटीस टाकतो तिथे मी भांडतो. तुम्हीपण सोसायटीची, देवस्थानची नोटीस टाकता ना, ती टाइप करून टाका, फोटो नको. फोटोवर मशीन नुसतं "इमेज" म्हणतं आणि गप्प.

आता शुक्रवार. शुक्रवारी क्लास अर्धाच, बाकीचा वेळ म्हापशाच्या बाजारात, आणि तोही पांढरी काठी घेऊन. मी काठी धरायला तयार नव्हतो. ओळखीचं कोण बघेल हीच भीती, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला अर्धा गोवा येतो. सर म्हणाले दिवसा तुम्हाला दिसतं म्हणून तुम्ही काठी धरत नाही आणि संध्याकाळी दिसत नाही म्हणून घराबाहेर पडत नाही, मग तुमचं जगायचं कधी. आधी नाक, मग कान, मग काठी, असा त्यांचा क्रम. सुक्या मासळीचा वास आला की डावीकडे वळायचं, चवरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा गेल्या की पुढे मयड्याची केळी, तिथून मातीच्या मडक्यांवर बोटाने टकटक करणारी बायकांची रांग. मी काठी आपटत चाललोय, एका टोपलीला लागली, आता शिव्या पडणार म्हणून थांबलो तर आवाज आला, "पुता, हांगा टोपली आसा, उजवे वटेन वच." म्हणजे बाळा, इथे टोपली आहे, उजवीकडून जा. बस. एवढंच. आणि ती परत आपल्या गिऱ्हाइकाशी भाव करायला लागली. कुणाला काही पडलेली नसते हो, इतकी वर्षं मी उगाच लाजत होतो. त्या एका दुपारसाठी एक पूर्ण स्टार.

बाजूच्या खोलीत ऐकू न येणाऱ्या मुलांची बॅच, हाउसकीपिंग आणि किचनचं ट्रेनिंग, हॉटेलांत जागा असतात म्हणून. त्यांची एक अडचण होती, खुणांच्या भाषेतून समजावणारी बाई आठवड्यातून दोनच दिवस यायची, बाकी तीन दिवस शिकवणारा माणूस तोंड मोठं मोठं करून बोलायचा आणि ती पोरं बघत बसायची. हे बरं नाही. मार्क इथे कापले. सरकारची भारतीय सांकेतिक भाषेची संस्था २०१५ पासून आहे, तिच्या शब्दकोशात आता १०,००० शब्द आहेत, म्हणजे भाषा तयार आहे, रोज येणारा माणूस ठेवायला पैसे हवेत एवढंच. त्या बॅचमधला पेडण्याचा एक मुलगा माझा दोस्त झाला. आता मी बघू शकत नाही, तो ऐकू शकत नाही, आमचं जमायचं कसं? तर तो मोबाईलवर टाइप करायचा आणि माझा फोन मला वाचून दाखवायचा, मी बोलायचो आणि त्याच्या फोनवर माझं बोलणं अक्षरांत उमटायचं. चहाच्या वेळी आम्ही दोघं असे फोन समोरासमोर धरून बसायचो आणि बाकीचे म्हणायचे बघा दोन वकील. एकदा मी म्हणालो भाजीपाव खाऊया, त्याच्या फोनवर उमटलं "बाजीराव खाऊया". अजून तो मला त्याच नावाने मेसेज करतो.

जागेबद्दल. खाली दोन पायऱ्या आणि त्यावर रॅम्प. रॅम्प आहे हे बोर्डावर लिहिलेलं आहे पण तो रॅम्प की घसरगुंडी हे कुणी सांगावं. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे. पायऱ्यांची उंची दीड फूट धरली तर अठरा फूट लागेल, आणि यांचा जेमतेम पाच. व्हीलचेअरवाली एक ताई होती तिला रोज दोघांनी ढकलून वर घ्यायचं, आणि त्या दोघांतला एक मी, म्हणजे धड न दिसणारा. ती म्हणायची देवाचं नाव घे आणि ढकल. दिव्यांगांच्या सेंटरला रॅम्प धड नसावा याला काय म्हणायचं. ऑफिसला सांगितलं तर म्हणाले जागा भाड्याची आहे.

पण वेळेचं त्यांनी ऐकलं, ते सांगायला हवं. आधी क्लास साडेपाचला सुटायचा. पावसाळ्यात ढग भरून आले की त्या वेळेलाच काळोखी येते आणि माझ्यासारख्याला म्हापशाच्या स्टँडवर डिचोलीची बस कुठली हेही कळत नाही, कंडक्टर ओरडतो त्या दिशेने जायचं, आणि तो अस्नोडा डिचोली ओरडेपर्यंत बस निम्मी निघालेली असते. दोनदा भलत्याच बसमध्ये बसलो, एकदा शिवोलीच्या. मग आम्ही तिघांनी अर्ज दिला की सकाळी लवकर सुरू करा आणि साडेतीनला सोडा. कायद्यात याला रिझनेबल अकोमोडेशन म्हणतात, म्हणजे फार खर्च न करता जी सोय करून देता येते ती द्यायची, उपकार म्हणून नाही. पुढच्या सोमवारपासून वेळ बदलली. इथे अर्धा स्टार परत दिला.

आता मुख्य विषय, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

कोर्सला जायला लागल्यावर गावात एक जण म्हणाला, तुझं बरं आहे बाबा, तुला आता सरकारी नोकरी घरी चालून येणार, कोटा आहे ना तुमचा. हे ऐकून ऐकून कान किटले म्हणून एकदाच नीट लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. आधी १९९५ च्या कायद्यात ३ होतं आणि अपंगत्वाचे प्रकार ७ होते, आता २१ आहेत. त्या ४ मधला १ टक्का अंध आणि कमी दिसणाऱ्यांना, १ कर्णबधिरांना, १ हातापायाचं अपंगत्व असलेल्यांना, त्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोग बरा झालेले, अॅसिड हल्ला झालेले हेपण आले, आणि उरलेला १ ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेले अशा सगळ्यांना मिळून. तेही दाखल्यावर कमीत कमी ४० टक्के अपंगत्व असेल तरच. आणि हे आडवं आरक्षण, म्हणजे जागा वाढत नाहीत, आहे त्यातच बसवतात, ओबीसीतला असेल तर ओबीसीच्या खात्यात. प्रायव्हेटला तर कोटाच नाही, ५ टक्के दिव्यांग कामाला ठेवणाऱ्यांना सरकारने सवलती द्याव्यात एवढंच कायद्यात म्हटलंय. तेव्हा चालून वगैरे काही येत नाही. गोव्यात स्टाफ सिलेक्शन कमिशनची परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते आणि ती द्यायला कॉम्प्युटर आला पाहिजे. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक घेता येतो, पण उत्तर लेखनिकाने द्यायचं नसतं हो, ते माझ्याच डोक्यातून यावं लागतं.

आणि एक कलम लोकांना माहीतच नसतं. आमच्यासाठी ठेवलेल्या जागेला लायक माणूस मिळाला नाही तर ती पुढच्या वर्षीच्या भरतीला नेतात, तेव्हाही नाही मिळाला तर दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगाला देता येते, आणि कुणीच नाही मिळालं तर मग अपंग नसलेल्याला. म्हणजे कोटा कागदावर शाबूत आणि खुर्चीत दुसराच. खुर्चीपर्यंत माणूस पोचायला मधे जे लागतं ते म्हणजे हे असले क्लास. म्हणून क्लास खोटा निघाला की मला राग येतो.

खोटा कसा, तर परीक्षा. चार महिन्यांनी परीक्षा झाली, एक्सेलला मला व्हीलूकअप जमलं नाही, एका तक्त्यातला नंबर शोधून दुसऱ्या तक्त्यातली माहिती आणायची असते ते. मेल मर्ज, म्हणजे एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने काढायचं, तेपण अर्धवट राहिलं. मला माहीत होतं मी काठावर आहे. आठवड्याने सर्टिफिकेट, ८६ टक्के. आमच्या बॅचला कुणीच ८० च्या खाली नाही. पेढे वाटले, फोटो काढला, मीपण खूश, आईने सर्टिफिकेट फ्रेम करून देवाच्या फोटोशेजारी लावलं.

मग प्लेसमेंट म्हणून किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात रिझर्व्हेशनच्या बॅक ऑफिसला इंटरव्ह्यू. त्यांनी एनव्हीडीए आधीच टाकून ठेवलं होतं, खुर्ची दाखवली, पाणी दिलं, वागायला काही कमी नाही. एचआरच्या मॅडमने दोन शीट दिल्या, एकीत बुकिंग नंबर आणि दुसरीत गेस्टची नावं, म्हणाल्या जोडून द्या. तेच, व्हीलूकअप. मी बी दोनवर गेलो, इक्वल टाइप केलं आणि पुढे काही सुचेना. हेडफोनमध्ये मशीन नुसतं "ब्लँक, ब्लँक" म्हणत होतं. मी पंधरा मिनिटं हाताने एकेक नाव उचलून दुसरीकडे टाकत बसलो, घाम फुटला, शेवटी सांगितलं मॅडम नाही येत. त्या शांतपणे म्हणाल्या, "पण तुमचं सर्टिफिकेट ८६ म्हणतंय ना?" यावर मी काय बोलणार. त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला दिसलं नाही पण कळलं, की दिव्यांगांचं सर्टिफिकेट म्हणजे असंच असतं. माझ्यानंतर तिथे जो जाईल त्याला खरंच ८६ असले तरी कोण विश्वास ठेवणार?

सरांना फोन केला. ते आधी बोललेच नाहीत. मग म्हणाले मी तुम्हाला ४१ दिले होते. ऑफिसने वाढवले, देणगी देणाऱ्या कंपनीला रिझल्ट दाखवावा लागतो म्हणून, आणि वर सरांना सांगितलं की बिचाऱ्यांना नापास कशाला करता. ते "बिचाऱ्यांना" ऐकून माझं डोकं फिरलं. प्रवेशाला सवलत द्या, वय पाच वर्षं जास्त चालवून घ्या, वेळ जास्त द्या, रॅम्प द्या, हे सगळं आमच्या हक्काचं आहे आणि मी ते मागून घेणार. पण पेपरवर मार्क फुकट नकोत. ४१ दिले असते तर मी परत बसलो असतो, एवढा काय मरत नव्हतो. दोन महिने गेले माझे त्या ८६ मुळे.

सरांनी पुढचे चार शनिवार स्वतःचा वेळ काढून मला आणि अजून दोघांना बसवलं, सेंटरमध्ये नाही, बाहेर चहाच्या हॉटेलात, लॅपटॉपवर. व्हीलूकअपला त्यांनी आमच्या डोक्यात जे बसवलं ते म्हणजे, लग्नाच्या घरी अहेराची वही असते, नाव सांगितलं की त्याच ओळीत पुढे सरकून आकडा वाचायचा, बस तेच. मी म्हटलं हे चार महिन्यांपूर्वी का नाही सांगितलं. म्हणाले तेव्हा सिलॅबस संपवायचा होता.

हॉटेलवाल्यांनी परत बोलावलं नाही. सध्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे आहे, ट्रकांच्या फेऱ्या, डिझेल, ड्रायव्हरांचे अॅडव्हान्स, सगळं एक्सेलमध्ये. फिरून परत ट्रिपशीटच आली नशिबाला. पगार काट्यावरच्या शेवटच्या पगारापेक्षा थोडा कमीच आहे. मालकाने मला घेताना सर्टिफिकेट बघितलंच नाही, एक शीट दिली आणि म्हणाला करून दाखव.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. यूडीआयडी कार्ड, आधार आणि दोन फोटो लागतात, कार्ड नसेल तर अर्जाची पावती चालते, मला तरी त्यांनी तसंच सांगितलेलं. फी नाही पण बसचं भाडं आपलं. ऐकू न येणाऱ्यांनी आधी विचारून घ्या की खुणांची भाषा जाणणारं माणूस रोज येतं का, आणि व्हीलचेअरवाल्यांनी एकदा जाऊन रॅम्प बघून या. परीक्षा झाली की सर्टिफिकेटवर थांबू नका, सरळ सरांकडे जाऊन खरे मार्क विचारा, ते सांगतात. कँटीनचा भाजीपाव चांगला आहे, चहा पाणचट. शुक्रवारी कँटीन बंद असतं, त्या दिवशी डबा न्या नाहीतर बाजारात खा, काठी घेऊन.